न विचारता केलेली प्रार्थना

नातीने द्राक्षाच्या रसाची बाटली उघडली आणि माझं डोकं तापलं. वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत, फ्रीमाँटच्या आमच्या मराठी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. कॅन्सरच्या केमोने माझ्या बायकोच्या, सुमनच्या तोंडात फोड आलेले, म्हणून तिने रसाचा प्याला न घेता तबक पुढे दिलं. ते पाहून लगेच मंडळीतल्या एका ब्रदरने मोठ्याने प्रार्थना केली, "प्रभू, सुमनताईंचा डळमळता विश्वास सावर." आणि ही म्हणते, "आमेन."

गाडीत मी भडकलो. "विचारायचं तरी आधी. मुद्दाम बोलला तो."

"अहो, मुद्दाम बोलला हे तुम्ही तरी विचारलंत का त्याला?"

महिन्याभरात ती गेली. तो ब्रदर अजून पुढच्या बाकावर बसतो. दर रविवारी मी त्याला ते विचारायला उठतो, पण माझ्याआधी माझा राग तिथे पोचतो.