बोटभर लहान कव्हर

जेवणाच्या टेबलावर आठवडाभर चामड्याचा वास होता. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ह्यांचा उजवा हात हट्टी झालाय, आणि त्याला काहीतरी काम द्या, असं डॉक्टर म्हणाले. बाकीची माणसं रबरी चेंडू दाबतात. ह्यांनी लेकीच्या डायरीला चामड्याचं कव्हर शिवायला घेतलं.

आरीनं भोक पाडायचं, मग सुईत जाड दोरा ओवायचा. दोरा सुईच्या शेजारून जायचा, पुन्हा शेजारूनच जायचा, आणि समोर मेथी निवडताना माझी बोटं शिवशिवायची.

"अहो, द्या इकडे. नुसता ओवून देते."

"नको."

"माझी भाजी शिजून होईल, तुमचा दोरा अजून बाहेरच."

"तू जेवून घे."

या माणसाचा राग यायचा. मग वाटायचं, राग नक्की कशाचा? आपण मदतीला धावतो तेव्हा पुष्कळदा आपल्याला समोरच्याची धडपड बघवत नसते, इतकंच. त्याचं लवकर उरकलं की आपली सुटका. हे कळूनही माझी चिडचिड तसूभर कमी झाली नाही, ते सोडा.

काल शेवटचा टाका पडला. शिवण वाकडी होती. ह्यांनी डायरी आत सरकवून पाहिली, तर ती बसेना. कव्हर बोटभर लहान झालं होतं. मी धास्तावून ह्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

ह्यांनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "पोरीला एवढी मोठी डायरी हवी कशाला? जरा लहान आण."

मी कपाळाला हात लावला आणि चपला घालून दुकानाकडे निघाले.