कुसुमची सोयरीक आणि माझं राजकारण

देवानं माझ्या तोंडाला दार दिलं, पण कडी लावायचं विसरला. हे मी नाही म्हणत, आमचे हे म्हणतात. आणि ते काय खोटं म्हणतात? आता हेच बघा ना, आणीबाणीच्या दिवसांत मी जो काही पराक्रम केला, तो ऐकाल तर चहाचा कप हातातून सुटेल. कप खाली ठेवा आधी. हं, आता ऐका.

तेव्हा आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला राहत होतो. शेजारी नानाजी. घरी दोन हातमाग, नवरा-बायको आणि एकुलती एक लेक कुसुम. नानाजी लुगडी विणायचे, माई सूत उकलायच्या, कुसुम कांड्या भरायची. दिवसभर मागाचा खटखट आवाज. पण सकाळी माग सुरू होण्याआधी नानाजी ओट्यावर पेपर घेऊन बसत, आणि मग जे काही सुरू होई ते सगळ्या गल्लीला ऐकू जाई.

नानाजी जुन्या वळणाचे. सरकारचं नवीन काहीही निघालं की आधी संशय, मग विचार, मग विरोध! "सरकारची जागा सीमेवर. तिथं छाती काढून उभं राहावं, आम्ही पाया पडू. पण चुलीपाशी येऊ नये," असं ते म्हणायचे. बँका सरकारनं घेतल्या तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. बँकेत त्यांचं खातंसुद्धा नव्हतं हो! पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

"काहून एवढं मनाले लावून घेता, नानाजी?" मी विचारलं होतं.

"लीलाबाई, आज सुताचा भाव सरकार ठरवते. उद्या धोटा किती वेळा फेकायचा ते ठरवन. परवा घरात लेकरं किती, तेही सरकारच ठरवन. मंग बापानं घरात करायचं काय?"

मी हसले होते तेव्हा. पण पुढं खरोखरच लेकरांचं सरकारनं मनावर घेतलं, आणि मग मी हसणं बंद केलं. खरं सांगू? माझी शाळा सातवीपर्यंतची, पण नानाजीचं म्हणणं मला पटायचं. पिढ्यान् पिढ्या जे माणसांनी सांभाळलं, ते दिल्लीतल्या कोण्या साहेबानं एका सहीनं मोडावं, हे काही माझ्या डोक्यात बसत नसे. अजूनही बसत नाही.

तर आणीबाणी आली. पेपर मुके झाले. मागच्या गल्लीतल्या एका मास्तरांना पोलीस घेऊन गेले. काय बोलले होते? कोणाला माहीत नाही. सगळे कुजबुजायला लागले. आणि नानाजी? रोज ओट्यावर, तोच आवाज!

माई माझ्याकडे आल्या, डोळ्याला पदर. "लीलाबाई, तुमी तरी सांगा यायले. उचलून नेलं तं पोरीचं कसं होईन?"

मी सांगून पाहिलं. नानाजी म्हणाले, "मी काय चोरी करून राहिलो का? खरं बोलून राहिलो."

आता अशा माणसाला कोण समजावणार? मी मनाशी ठरवलं की आपणच लक्ष ठेवायचं. तसंही माझं लक्ष असतंच. गल्लीत कोणाच्या घरी कोण आलं, कोण गेलं, कोणाकडे आज काय शिजलं, सगळं मला ठाऊक. लोक त्याला चोंबडेपणा म्हणतात. मी शेजारधर्म म्हणते.

हिवाळ्याचे दिवस. मी अंगणात खाटेवर मुगवड्या घालत होते. एक अनोळखी माणूस गल्लीत शिरला. बंद गळ्याचा कोट, नजर इकडेतिकडे, आणि पायात तपकिरी जाडजूड बूट. बघता बघता माझ्या हातातली वडी खाटेऐवजी मातीत! कारण तसले बूट मी फक्त पोलिसांच्या पायात पाहिले होते.

तो नानाजीच्या घरासमोर थांबला. आत डोकावला. आणि आत न जाता सरळ माझ्याकडे आला!

"बाई, हे मागवाले नानाजी इथंच राहतेत ना?"

"काहून?"

"काही नाही. सहज. माणूस कसा हाय म्हटलं?"

सहज! अहो, कोटबूट घालून सहज कोण विचारतं? माझी खात्रीच पटली. सरकारचा गुप्त माणूस. मास्तरांच्या वेळीही आधी असाच कोणीतरी शेजारी विचारून गेला होता म्हणे.

आता इथं शहाण्या बाईनं "मले माहीत नाही" म्हणून वड्या घालत बसावं की नाही? पण मी म्हणाले, "नानाजी? नानाजीवानी सरकारभक्त नागपुरात सापडायचा नाही!"

माणूस दचकला. "सरकारभक्त? मी तं ऐकलं होतं का जुन्या वळणाचे हायत. परखड बोलतेत."

बघा! बोलण्याचीच चौकशी! माझ्या अंगात वारं शिरलं.

"परखड? छे! सकाळी उठून आधी सरकारले नमस्कार करतेत, मंग देवाले!"

त्याचा चेहरा उतरला. घसा खाकरून तो म्हणाला, "हो हो. तसं सरकार चांगलंच हाय म्हणा. गाड्या टायमावर चालून राहिल्या."

"टायमावर? टायमाच्या आधी येऊन राहिल्या!"

"महागाईही उतरली."

"उतरली? पार बसली!"

"शिस्त आली, शिस्त."

"कालपासून आमचा कोंबडासुदिक शिस्तीत आरवते!"

तो घाम पुसायला लागला. हिवाळ्यात घाम! मी मनात म्हटलं, लीला, जिंकलीस. मग शेवटचा घाव म्हणून त्याला ऐकवलं, "आणि नानाजीले एकच लेक काहून हाय, माहीत हाय का? सरकारचं ऐकून!"

कुसुम वीस वर्षांची होती. ती जन्मली तेव्हा सरकारचा तो कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण जन्मलाही नव्हता. पण बोलताना एवढा हिशेब कोण करतं?

तो माणूस "सरकार लय चांगलं, लय चांगलं" म्हणत मागे मागे सरकला आणि वळून असा भराभर चालता झाला, की जाडजूड बुटांचा धपधप आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. मी कंबरेवर हात ठेवून पाहत राहिले. काय अभिमान वाटला म्हणून सांगू! वाटलं, नानाजीला मी तुरुंगाच्या दारातून ओढून आणलं.

आठवड्याभरात माई पुन्हा आल्या. पुन्हा डोळ्याला पदर.

"लीलाबाई, कुसुमची सोयरीक मोडली वं."

"कोणती सोयरीक?" मी उडालेच. मला न कळता सोयरीक?

माईंनी सांगितलं. खापरखेड्याच्या वीजघरात नोकरीला असलेला मुलगा. एका लग्नात त्यानं कुसुमला पाहिलं होतं, कुसुमनं त्याला. दोघांनाही पसंत. नानाजींना तर फारच पसंत, कारण घर जुन्या रीतीचं. पक्कं होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. ("कोणाला" म्हणजे कोणाला, ते मी समजले.) मुलाचे वडील दामोदरजी रीतीप्रमाणे शेजारीपाजारी चौकशी करायला येऊन गेले, आणि मध्यस्थाच्या तोंडून नकार आला.

अहो, शेजारी चौकशी! सोयरिकीआधी मुलाकडचा माणूस मुलीच्या शेजारी गुपचूप विचारून जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. गल्लीतल्या कितीतरी पोरींबद्दल मी स्वतः चांगलं सांगून त्यांची लग्नं जमवलेली! जन्मभर लोकांना "कुठून आले, कोणाकडे आले, काहून आले" विचारणारी मी, आणि नेमकं त्याच दिवशी त्या माणसाला "तुमी कोण जी?" एवढं विचारलं नाही!

"काय म्हणाले ते?" मी कसंबसं विचारलं.

"म्हणाले, मुलगी पसंत, घर पसंत, नानाजीची कीर्ती आधीच ऐकून हावो. पण शेजारी सरकारची खबरी राहते. आमचा पोरगा सरकारी नोकरीत. तिथं सणावाराले जाईन, एखादा शब्द इकडंतिकडं बोलून जाईन, नोकरी जाईन त्याची. म्हणे, ती बाई नानाजीचं नाव घेऊन माह्या पोटातलं काढाले पाहत होती."

"कोणती शेजारीण?"

नानाजीच्या घराच्या एका बाजूला आम्ही. दुसऱ्या बाजूला विहीर.

मी खिडकीतून पाहिलं. कुसुम चरख्यापाशी बसली होती. कांडी अर्धी भरलेली, सूत तुटलेलं, आणि पोरगी ते जोडत नव्हती. नुसती बसली होती. बाई गं, लहानपणापासून माझ्या अंगणात खेळलेली पोर. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी चप्पल न घालता आत गेले असते.

नानाजींपुढे जाऊन मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आयुष्यभराचं बोलणं खावं लागणार.

नानाजींनी माग थांबवला. मग म्हणाले, "मले वाचवाले खोटं बोलल्या?"

"मंग काय करू? तुमाले उचलून नेलं असतं म्हंजे?"

"आणि मी सरकारले नमस्कार करतो म्हटलं? देवाच्या आधी?"

"...हो जी."

आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडताहेत. पण ते हसत होते! हसता हसता ठसका लागला, माई पाणी घेऊन धावल्या. डोळे पुसत म्हणाले, "माईबाप सरकारले जे जमलं नाही, ते शेजारणीनं केलं. मले सरकारी करून टाकलं!"

मग उठले आणि खुंटीवरचं धोतर काढलं. "चला, खापरखेड्याले जाऊ."

मी पाहतच राहिले. नकार आल्यावर मुलीच्या बापानं त्या दारात पाय ठेवू नये, ही आमची रीत. आणि नानाजी रीतीपुढे कोणाचं ऐकणारे नव्हते. मी तसं म्हणाले, तर खालच्या आवाजात म्हणाले, "रीत लेकरांसाठी असते, लीलाबाई. लेकरं रीतीसाठी नसतेत."

खापरखेड्याची ती उंच धुराडी दिसायला लागली, तशी बसमध्येच मी देवाचं नाव घ्यायला लागले. वसाहतीतलं घर सापडलं. दारात तेच तपकिरी बूट! दार उघडलं दामोदरजींनीच. मला पाहताच त्यांनी हात जोडले.

"या, या! सरकार लय चांगलं हाय!"

आत बसलो. मुलाची आई समोर, आणि कोपऱ्यात बनियन घातलेला एक धिप्पाड माणूस भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेला. नानाजींनी सगळी हकीकत सांगितली. दामोदरजींनी मान डोलावली, पण पटल्याचं काही चिन्ह दिसेना.

"तसं नाही जी," ते चाचरत म्हणाले, "पण खबरी असन तेही असंच म्हणन ना, का मी खबरी नाही?"

म्हणणं बरोबर होतं! आता कसं पटवायचं? मला कुसुमचं ते तुटलेलं सूत आठवलं आणि मी उभी राहिले. पदर खोचला.

"मी खबरी? ऐका मंग!"

आणि मी सुटले! इतक्या वर्षांचं नानाजीचं ओट्यावरचं सगळं मला तोंडपाठ होतं. "बँका घेतल्या, आता माह्या मोहरीच्या डब्यातले पैसे तेवढे घ्याचे राहिले! पेपरवाल्याच्या तोंडात बोळा कोंबला! चांगल्या माणसायले घरातून उचलून नेऊन राहिले! कोणाच्या घरी किती पाळणे हालावे, ते बी हेच मोजून राहिले! हे काय राज्य हाय?"

मुलाची आई मला डोळ्यांनी खुणा करायला लागली. मला वाटलं, बाईला आवडतंय. मी आवाज वाढवला! दामोदरजींनी डोकं धरलं. मला वाटलं, पश्चात्ताप होतोय. मी आणखी वाढवला! नानाजींनी माझा पदर ओढला. नानाजी, स्वतः! तेव्हा कुठं मी थांबले, आणि ते दाखवत होते तिकडं भिंतीवर पाहिलं.

खुंटीला खाकी शर्ट. बाहीवर तीन पट्ट्या.

मी उभी होते तिथंच खाली बसले.

"माहे साळेबुवा," दामोदरजी रडवेल्या आवाजात म्हणाले. "पोलिसात हवालदार हायत. ते बूट बी त्यायचेच. चौकशीले जातानी चांगलं दिसावं म्हणून मी मागून नेले होते."

खोलीत फक्त शेंग फुटल्याचा आवाज आला. मला माझी पोरं आठवली, आमचे हे आठवले. मी तुरुंगात गेल्यावर हे घरी भाकरी कशी थापतील, तेही डोळ्यांपुढं आलं.

"झालं का बोलून, बाई?" हवालदारांनी विचारलं.

"झालं जी."

"काही राहिलं असन तं बोलून घ्या. मी सुट्टीवर हावो. सुट्टीत मले कमी ऐकू येते."

मग त्यांनी तळहातावरची टरफलं फुंकली आणि दामोदरजींकडे वळून म्हणाले, "भाऊजी, बिनघोर सोयरीक करा. मी नोकरीत लय खबरी पाहिले. ही बाई खबरी नाही. त्या कामाले अक्कल लागते."

नानाजींनी काय हात जोडले म्हणून सांगू! दामोदरजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रक्त आलं. मुलाच्या आईनं आतून गूळ आणला. आणि असं, हवालदारानं दिलेल्या माझ्या बिनअकलेच्या दाखल्यावर, कुसुमची सोयरीक पक्की झाली.

लग्नात नानाजींनी मला स्वतःच्या हातानं विणलेलं लुगडं दिलं. हिरवंगार, रुंद काठाचं. "घरच्या बाईचा मान," म्हणाले, आणि मांडवात माईंच्या शेजारी बसवलं. मला रडूच आलं. वरपक्षाकडच्या बाया एकीमागून एक समोर येत, मला खालून वरपर्यंत निरखत, एकमेकींना कोपर मारत, तोंडाला पदर लावून परत जात. मीही कुठं कमी? काठ नीट दिसावा म्हणून लुगडं सावरून, मान ताठ करून बसले.

अहो, मला आपलं वाटलं, लुगडं पाहायला येताहेत!