डबीतलं पाणी

अवं, अशी परक्यावानी दूर काऊन बसली? इकडे सरक. किती दिवसांनी तोंड दाखवलं, अन् आल्या आल्या निघायची घाई. बस. हे मी कोणालेच सांगितलं नाई — नवऱ्याले नाई, देवालेही नाई.

शेवंता, माही धाकटी जाऊ. तिच्या पोटरीवर बोराएवढी गाठ होती. धानाच्या रोवण्याच्या चिखलात घासली की रक्त ये. आम्ही म्हणत होतो, काटा मोडला असन. नागभीडच्या डॉक्टरनं तुकडा काढला अन् औषधाच्या पाण्यात बुडवून डबीत दिला. "आजच्या आज चंद्रपूरच्या लॅबमध्ये पोचवा." मीच घेतली डबी — तसंही मले तिथंच बहिणीकडे जायचं होतं.

बसमध्ये झाकण ढिलं झालं. वास असा का डोळे झोंबले. शेजारची म्हणे, "मावशी, काय मेलेलं घेऊन चालल्या?" लाज वाटली मले. उतरल्यावर ते पाणी ओतून दिलं अन् माह्या बाटलीतलं प्यायचं पाणी भरलं. वाटलं, पाणी ते पाणी. अन् लॅबमध्ये गेली का त्या दिवशी? नाई. दोन दिवस बहिणीकडे राह्यली.

तिसऱ्या दिवशी लॅबवाल्या भाऊनं विचारलं, "बाई, औषध सांडलं का?" तवाच सांगायचं होतं — त्यानं दुसरा तुकडा मागवला असता, बस. मी म्हटलं, "नाई. दिलं तसंच आणलं."

महिन्यानं कागद आला — तुकडा सडला, काही समजत नाई. दीर लॅबवाल्याले शिव्या देऊन राह्यला होता, अन् मी तोंडाले पदर लावून ऐकून राह्यली होती. दुसऱ्या तुकड्याचा कागद येईपर्यंत बोराचं लिंबू झालं. घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर, क्वचितच कोणाले होते म्हणे. शेवंता हासली, "एवढा घाम गाळला, बाई, तोही उलटला माह्यावर."

नागपूरले ऑपरेशन झालं. मांडीची चामडी पोटरीले लावली. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर इतकं मांस कापावं लागलं नसतं. मी तिथीच उभी होती.

परवा तपासणी झाली. इतकी वर्षं झाली, कुठीच काही नाई. येताना ती माह्या खांद्यावर झोपली, अन् मले इतकं हलकं वाटलं का रडूच आलं. पण उतरून चालाय लागली — पाय ओढतेच ती. ते माह्यामुळं.

आज तिले सांगणार आहो. तुह्याजवळ बोलली, आता जीभ अडणार नाई. मग तिनं काय करावं ते तिचं. आजपर्यंत आमच्या दोघींची चूल एकच आहे. तू पुढच्या हप्त्यात परत ये. चूल एक दिसो का दोन, जेवून जाजो.