स्टेजवर नसलेला ड्रमर

ही गोष्ट सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. विषय निघाला की मी चष्मा पुसत बसायचो, नाहीतर चहाचं बघतो म्हणून उठायचो. आता सत्तरी उलटून गेली. माझ्या शब्दावर विसंबलेला एक माणूस अजूनही तेच खरं धरून जगत असेल, हे मनातून जात नाही. म्हणून लिहितो.

मी नाशकात, सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं संगणकावर चालणारं लेथ मशीन घ्यायचं ठरवलं आणि ते शिकून यायला मला जर्मनीला धाडलं. तिथल्या हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागत. कोणाशी बोलायची सोय नाही, घरची आठवण छातीवर बसलेली. तिथल्याच एका तरुण फिटरला माझी दया आली असावी. एका शनिवारी तो मला गाण्याच्या कार्यक्रमाला घेऊन गेला.

जुनं गोदाम होतं. काळ्या कपड्यांतली पोरं-पोरी, डोळ्यांत काजळ, ओठ जांभळे. इंग्लंडचा कुठलासा बँड आला होता. या संगीताला गॉथिक म्हणतात हे मला त्या फिटरनं सांगितलं. रॉकमधलाच हा संथ, काळोखा प्रकार. गाणारा माणूस विहिरीच्या तळाशी उभा राहून गातोय असं वाटत होतं. शब्द कळत नव्हते, तरी मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

स्टेजवर गाणारा, दोन गिटारवाले आणि बेस वाजवणारी एक बाई होती. मागे ड्रम नव्हते. कोपऱ्यातल्या स्टुलावर लाल दिव्यांचा एक डबा ठेवला होता, आणि सगळा ठेका त्या डब्यातून येत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

येताना मी त्या बँडच्या कॅसेटी आणि एक डेक घेऊन आलो. नाशकात हे ऐकणारं कोणी भेटेल असं वाटलं नव्हतं. पण कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात ओळखी निघतात, तशा निघाल्या. इंजिनियरिंगचे दोन विद्यार्थी आले, ते आणखी दोघातिघांना घेऊन आले, आणि दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत बैठक भरू लागली. पोरं विशी-पंचविशीतली, मी चाळिशी ओलांडलेला. बायको आतून विचारायची, "अहो, लावली का तुमची दहाव्याची गाणी? पोहे करू का पिंडाचा भात?" पोरं हसायची आणि पोह्यांवर तुटून पडायची.

पहिल्याच रविवारी एका विद्यार्थ्यानं विचारलं, "काका, तुम्ही तर यांना समोर पाहिलंय. ड्रमर कसा होता?"

ड्रमर नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच आठवड्यात आमच्याकडे नवं लेथ सुरू झालं होतं आणि दोन जुन्या टर्नरना घरी पाठवलं होतं. बोटानं चाचपून लोखंडाचं माप सांगणारी माणसं. त्यांच्या जागी आलेलं मशीन मी उभं केलं होतं. ज्या गाण्यानं मला रडवलं तेही मशीनच होतं, हे माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणालो, "काय सांगू! लांब केस, अंगावर घामाच्या धारा. शेवटी शेवटी त्याच्या हातातून रक्त येत होतं."

पोरांनी श्वास रोखून ऐकलं. पुढच्या रविवारी त्यांनी तेच पुन्हा सांगायला लावलं, तेव्हा मी त्यात एक तुटलेली काठी घातली.

वर्षा-दोन वर्षांनी एक नवा जण आला. सरकारी कचेरीत कारकून होता, गावातल्या एका बौद्ध वस्तीत राहायचा आणि तिथल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड नि ठेक्याचं विजेवरचं ऑक्टोपॅड वाजवायचा. बोलायला तिखट आणि ऐकायला आमच्यात सगळ्यात तयार. त्याच्याबरोबर भांडणही आलं. त्या सुमारास गॉथिकमध्ये कीबोर्ड आणि मशीनचे ठेके भरलेल्या नव्या कॅसेटी येऊ लागल्या होत्या. याला त्या आवडत. विद्यार्थी म्हणत, हे बाटवणं आहे. मग एकमेकांना नावं ठेवून झाली. हे काठीवाले, ते बटणवाले.

काठीवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे माझी कॅसेट. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ठेका किंचित मंदावायचा. "बघ, बघ, दमला!" विद्यार्थी ओरडायचा. "मशीन दमतं का?"

"माझ्या वॉकमनवर नाही दमत तो," कारकून म्हणायचा.

"तुझा वॉकमन शालिमार चौकातल्या फुटपाथवरचा."

"असू दे. तुझ्यासारखा उधारीच्या कानांनी तर ऐकत नाही."

ठेका का मंदावतो हे मला ठाऊक होतं. माझ्या डेकचा पट्टा सैल झाला होता. सगळा जन्म पट्टे बदलण्यात गेलेल्या माणसाला ते पहिल्या दिवशी कळलं होतं. मी तो बदलला नाही. पोरांनी याच डेकवरून कॅसेटी भरून नेल्या, त्यामुळे माझा सैल पट्टा गावभर ड्रमरचा थकवा होऊन फिरला. कारकुनाकडे तेवढी दुकानातून भरून घेतलेली कॅसेट होती.

मग मुंबईच्या एकानं कळवलं की देशभरातल्या हौशी पोरांची असली गाणी गोळा करून तो एक कॅसेट काढतोय. नाशिकचं एकच गाणं घेणार होता. विद्यार्थ्यांनी गिटार-ड्रमवर एक गाणं बसवलं. कारकुनानं ऑर्केस्ट्रातलं सामान घरी आणून एकट्यानं दुसरं केलं. कोणतं पाठवायचं ते काकांनी ठरवायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

विद्यार्थ्यांचं गाणं इंग्रजीत होतं. नीटनेटकं, पण परीक्षेचं उत्तर लिहावं तसं. कारकुनाचं मराठीत. मांडव उतरल्यावर वायरी गुंडाळणाऱ्या माणसाचं गाणं. कीबोर्डचा सूर इतका खाली धरला होता की आमच्या खिडकीची काच थरथरली. खाली नळ गळावा तसा मशीनचा ठेका, एकसारखा, कुणाचीही पर्वा न करणारा. मला ते गोदाम आठवलं, तो स्टुलावरचा डबा आठवला. जर्मनीतून आल्यापासून मी त्या संध्याकाळच्या इतकं जवळचं काही ऐकलं नव्हतं.

"हे गॉथिक कुठंय?" एक विद्यार्थी म्हणाला. "हे तर वरातीतलं कॅसिओ."

"तुझ्या वरातीत वाजवीन ना. तेव्हा नाचलास म्हणजे झालं," कारकून म्हणाला. सगळे हसले. मग तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही बोला."

त्याचं पाठवा म्हटलं असतं तर माझ्या ड्रमरचं काय झालं असतं? पोरांनी विचारलं असतं, मग इतकी वर्षं आम्हाला काय सांगत होता? मी घसा साफ केला. "यंत्राला दुःख होत नाही. मी त्या माणसाच्या हाताचं रक्त पाहिलंय. गॉथिक म्हणजे ते." इथं थांबायला हवं होतं. पण त्याची नजर माझ्यावरून हलेना, तेव्हा मी पुढे बोललो, "असलं तुमच्या जयंतीच्या ऑर्केस्ट्रात ठीक आहे. इथं नको."

बायको पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथंच उभी राहिली.

"तिथं वाजवतोच की, काका," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही कधी आलात का ऐकायला?"

मी गेलो नव्हतो. आणि ते तर माझ्याच शहरात होतं.

त्यानं डेकमधून आपली कॅसेट काढली. तो बाहेर चपला घालत होता, तेव्हा मी त्याच्यामागे गेलो. वाटलं, रागवेल. तो म्हणाला, "त्या बँडच्या कॅसेटवर मशीनच आहे अशी मला खात्री होती. म्हणून माझं गाणं मी तसं केलं. पण तुम्ही समोर उभं राहून पाहिलंय. म्हणजे माझेच कान खोटे."

मी म्हणालो, "जपून जा. रस्ता खणलाय पुढे."

सगळे गेल्यावर बायकोनं विचारलं, "मध्येच जयंतीचं काय काढलंत हो?"

"गाण्याबद्दल बोललो गं."

"गाण्याबद्दल?" एवढंच म्हणून तिनं बशा उचलल्या. तिनं हे पुन्हा कधी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

तो परत आला नाही. पुढे बैठकही विरली. दोन हजार सालानंतर गल्लोगल्ली सायबर कॅफे झाले, तेव्हा त्याच विद्यार्थ्यांतला एक तिथं इंटरनेटवर काहीतरी वाचून हसत हसत घरी आला. आता तो नोकरीला लागला होता. "काका, त्या बँडला कधी ड्रमरच नव्हता म्हणे! पहिल्यापासून मशीन. तुम्ही त्या दिवशी काय प्यायला होतात?"

"धूर होता रे. अंधार होता," मी म्हणालो.

"पण त्याला सांगायला हवं. बटणवाल्याला. बिचारा बरोबर होता."

"मी सांगतो," मी घाईनं म्हणालो. "तू नको, मीच सांगतो." त्याला सत्य कळायची तेवढी एक वाट होती, तीही मी माझ्या ताब्यात घेतली आणि बंद केली.

त्यानंतर एकदा मनमाड स्टेशनवर मी गाडीची वाट बघत होतो. मागून हाक आली, "काका!" केस पिकू लागले होते, पण आवाज तोच. बदली मनमाडला झाली होती म्हणाला. शाळेच्या गणवेशातली मुलगी बरोबर होती. चहा झाला. मी विचारलं, "वाजवतोस का अजून?"

"छे! ऑक्टोपॅड पुतण्याला दिला. जयंतीला तोच वाजवतो." मग हसून मुलीला म्हणाला, "हे काका बरं का. माझे कान किती कच्चे आहेत ते यांनी मला वेळेवर सांगितलं. नाहीतर तुझा बाप नोकरी सोडून गाणी करत बसला असता."

मुलगी माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला मधेच धरलं. गाडीची घोषणा झाली. त्यानं माझी पिशवी उचलली, मला डब्यात चढवलं, खिडकीतली जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. सायबर कॅफेच्या त्या दिवसापासून जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडात होती. त्याचा हात खिडकीच्या गजावर होता. गाडी हलली, आणि मी म्हणालो, "मुलीला शिकव हं चांगलं."

जे म्हणायचं होतं ते असं होतं: स्टेजवर ड्रमर नव्हता रे. एक डबा होता, लाल दिव्यांचा. तुझे कान खरे होते, तुझं गाणं त्या सगळ्यांहून खरं होतं, आणि मला ते त्याच वेळी कळलं होतं. जयंतीचं जे बोललो ते गाण्याबद्दल नव्हतं. मला माफ कर.