हळदीनं वाजलेलं झाड

ताडकळसला आमचं मोटारी भरायचं दुकान हाय. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची अन् नवी भरायची, हे आमच्या मालकांचं, म्हंजी माझ्या नवऱ्याचं काम. तीन वर्षांमागं मशीनच्या पट्ट्यात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. दुकान कसंबसं चालू राहिलं, पण भजनातली पेटी सुटली ती सुटलीच. त्यावर ते कधी चकार शब्द बोलले न्हाईत, अन् मीही विचारलं न्हाई.

मग त्यांनी जुन्या दाराच्या फळीवर झाड करायला घेतलं. जळक्या तारेचं खोड, तांब्याच्या पत्र्याची पानं, पानापानामागं बारका दिवा, खाली जुन्या रेडिओचा स्पीकर अन् बॅटरी. मी लय तोंडसुख घेतलं. "लोकाच्या मोटारी खोळंबल्यात, अन् तुमी झाडं लावायलाव!" ते नुसते हसायचे. परवा झाड दुकानाच्या भिंतीला टांगलं, तरी ते कशासाठी हाय ते सांगेनात.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा माझ्याकडं असते. पक्कड, हातोडा, मशीन, सगळ्यांना ओलं हळद-कुंकू लावलं अन् झाडापाशी अडले. राग होताच, पण सणाच्या दिवशी दुकानातली एक वस्तू कोरडी कशी ठेवायची? पानापानाला हळदीचं बोट लावलं. हळद जरा पातळच झाली होती. ती खोडावर ओघळली.

अन् भिंतीतून सूर निघाला!

आधी एक, बारीक. मग दुसरा. ओघळ पानाकडून खोडाला पोचला की त्या पानाचा दिवा लागायचा अन् नवा सूर मिसळायचा. "अगं माय!" माझ्या हातातलं ताट पडलं. आमच्या त्या काळवंडलेल्या दुकानात पिवळं झाड उजळून गायला लागलं होतं. इतकं देखणं मी जन्मात काही बघितलं न्हवतं, अन् ओल्यानं आता ते जळणार, मीच नासवलं, म्हणून रडू फुटलं.

आवाज ऐकून मालक पळत आले.

"म्या वाटोळं केलं वो."

"न्हाई गं. पान अन् खोड ओल्यानं जोडलं की वाजतं ते. तळहाताचा ओलावाबी पुरतो."

आमी दोघं बघत उभे राहिलो. हळद वाळत गेली तसा एकेक दिवा मालवला, एकेक सूर गेला. सगळं गप्प झाल्यावर त्यांनी डावा हात खोडावर ठेवला अन् उजवा थोटा पंजा पानांवरून फिरवला. भजन संपताना पेटीवर वाजवायचे तीच चाल निघाली. बोटांची गरजच पडली न्हाई.

मला रागच आला. "तीन वर्सं म्या शिव्या घातल्या. आधी सांगायचं न्हाई व्हय?"

पानावरचा हात न काढता ते म्हणाले, "अन् वाजलं नसतं तर?"

मी खाली पडलेलं ताट उचललं, वाटीत घोटभर पाणी घातलं अन् हळद पुन्हा कालवायला बसले.