मधल्या दिवसांतली गयाबाई

माझी थोरली बहीण गयाबाई उधाणावर आली की कामरगावच्या आमच्या मळ्यात कुणाला थारा नसे. पहिल्यांदा आली तेव्हा दहा वर्षांची पोर होती. दिवस-दिवस वाफ्यांना पाणी द्यायची, गायची, बोलायची. झोप म्हणून नाही. एका बाजाराच्या दिवशी तिने बोटाएवढी वांगीसुद्धा खुडली आणि चौकात उभी राहून वाटून टाकली. "घ्या, फुकट घ्या! आज माहं राज हाय!" वडिलांनी तिथेच मारलं. ती हसतच राहिली.

महिन्याभरात तीच गयाबाई भिंतीकडे तोंड करून पडली. खाणं सुटलं. मी हलवलं तेव्हा म्हणाली, "भाऊ, माह्या आंगात कोनीच नाई राह्यलं."

मग हे दरवर्षी येऊ लागलं. पोहरादेवीला नवस झाला. एका मांत्रिकाने मिरच्यांची धुरी दिली. तिचे डोळे तेवढे सुजले. लोक म्हणत, "लगन करा, सुधरते." तेराव्या वर्षी तिला शेलूबाजारला दिली. उधाणात ती चौघींचं काम एकटी उपसायची, तेव्हा सासू खूश होती. पुढे गयाबाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. सासऱ्याने बैलगाडीतून आणून तिला आमच्या बांधावर उतरवलं. "तुमची पोरगी तुमाले," म्हणाला आणि पाणीही न पिता गेला.

कारंज्याच्या एका डॉक्टरांना दाखवलं. ते खोटं बोलले नाहीत. "लहानपणी लागलेलं दुखणं आहे. जन्मभर येत-जात राहील. माझ्याजवळ औषध नाही." माय रडू लागली. गयाबाईनेच विचारलं, "मंग मधले दिवस तं माहे ना?"

ते खरंच तिचे होते. पान उलटं करून ती कीड ओळखायची; आजूबाजूच्या बाया रोप दाखवायला यायच्या. माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण तिनेच निस्तरलं. "मी चांगली हाय तवर काम सांगून घ्या," म्हणायची.

पडत्या दिवसांत माय तिला जवळ घेऊन घास भरवायची. माय गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मी ताट आणि तांब्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवून मळ्यात जायचो. तिच्या तिशीतल्या एका हिवाळ्यात ताट तीन दिवस तसंच राहिलं. मला वाटलं, नेहमीचंच. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू आत गेल्या आणि ओरडल्या, "अरे, हे तं तापानं फणफणून राह्यली! काहून पाह्यलं नाई तुनं?"

संध्याकाळी गयाबाई गेली. दाराशी जमलेले लोक म्हणाले, "सुटली बिचारी." मीही मान हलवली. ताप कळायला तिच्या अंगाला हात लावावा लागला असता. माय गेल्यापासून तो मी एकदाही लावला नव्हता.