शिवलेली पोती उसवताना

मी चौथीत शाळा सोडली. त्यामुळे कोणी मला काही शिकवायला आलं की आधी डोकं तापतं. माणगावजवळच्या विद्यापीठात मी बागेचं काम केलं, निवृत्त झालो, तरी रोज सकाळी जातो. घरी बसवत नाही. त्या आठवड्यात तर अजिबातच बसवत नव्हतं.

पार उत्तरेकडे, थंडीच्या मुलखात, डोंगर खचून नदी गावांत घुसली होती. तिकडची एक पोरगी इथं इंजिनीअरिंग शिकते. चार दिवस तिचा आईला फोन लागत नव्हता. गाव उंचावर, रस्ता वाहून गेलेला, एवढंच तिला कळलं होतं. वसतिगृहाच्या पायरीवर बसून फोन कानाला लावायची, काढायची, परत लावायची. तिच्याकडे बघून माझाही हात उगाच खिशातल्या फोनकडे जायचा. मला कोण फोन करणार?

मुलांनी सामान गोळा करायला घेतलं. सभागृहात तांदूळ, औषधं नि सुती साड्यांचा हा एवढा ढीग. आपल्या किनाऱ्यावर गरम कपडे असणार कुणाकडे? तरी नागावच्या एका घरानं पाहुण्यांच्या खोल्यांतली ब्लँकेटं काढून दिली. मुलं सगळं खोक्यांत भरून चिकटपट्ट्या लावत होती.

"भिजली की लगदा होईल खोक्यांचा," मी म्हटलं. "बाजूला व्हा."

तरुणपणी मी उरणच्या मिठागरात पोती शिवायचो. घरून दाभण आणि सुतळी आणली. दोन दिवसांत सगळं पोत्यांत भरून तोंडं शिवली. ट्रकातून फेकलं तरी टाका सुटायचा न्हाय, अशी. मुलांसोबत हे काम बघणाऱ्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही नसता तर आमचं काही खरं नव्हतं." मी नुसती मान हलवली. आतून फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

ट्रक संध्याकाळी निघणार होता. दुपारी ती पोरगी आली. एक पोतं उचलायला गेली, जागचं हललं नाही.

"बाबा, हे वर कोण नेणार?"

"ट्रक नेईल."

"ट्रक खालपर्यंतच. पुढे पायवाट आहे. पाठीवर न्यावं लागतं, पट्टा कपाळाला लावून."

"मग हमाल नेतील."

"हमाल म्हणजे माझी आईच, बाबा."

मी गप्प बसायला हवं होतं. उलट म्हणालो, "पन्नास वर्षं पोती बघतोय मी. मला नको सांगू."

ती खाली बसली आणि नखानं माझी सुतळी उकरायला लागली. नख मोडलं, रक्त आलं, तरी उकरतेच आहे.

आमच्याकडे सगळं होडीत नाहीतर ट्रकात चढतं. बाईच्या कपाळाला लटकून सामान डोंगर चढतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"सोड. तुझ्यानं व्हायचं न्हाय ते," मी म्हटलं. सुरी घेतली आणि पोत्यांची तोंडं उसवायला लागलो.

मॅडम धावत आल्या. "काका, हे काय? ट्रक उभा आहे!"

"उभा राहू दे. पळतो कुठं?"

मग लहान लहान गाठोडी बांधली, एका बाईला पेलतील एवढीच. साड्या लांब फाडून, चौपदरी करून त्यांचे पट्टे केले. माप त्या पोरीच्याच कपाळावर घेतलं. मॅडम फाडत होत्या, मुलं भरत होती, मी शिवत होतो. ट्रकवाला हॉर्न मारून थकला, शेवटी तोही उतरून सुतळ्या कापायला बसला. अंधार पडायच्या आत ट्रक गेला.

पुढचे दिवस काढणं कठीण गेलं. एकाच झाडाला दोनदा पाणी घालायचो आणि शेजारचं कोरडंच राहायचं. पोरगी दिसली की विचारायची हिंमत होत नव्हती, नुसता तोंडाकडे बघायचो.

एका सकाळी ती बागेत पळत आली. रडत होती, हसतही होती. कुणा जवानाच्या फोनवरून आईचा फोन आला होता. सगळं गाव वरच्या शाळेत राहत होतं, आणि आपल्या गाठोड्यांतलं एक आईनं स्वतः खालून चढवलं होतं.

"काय म्हणाली?"

"पट्टा आखूड झाला म्हणाली. मान दुखली."

आनंद व्हायचा सोडून मी चिडलो. "माप कुणाचं होतं? तुझंच ना? मग?"

"आईचं डोकं मोठं आहे, बाबा."

"ते आधी सांगायचं होतंस!"

दुसऱ्या खेपेची गाठोडी शिवताना मी प्रत्येक पट्टा चार बोटं वाढवला. पण ती वर्गात गेल्यावर.